नसलेल्या ड्रमरचा शोध

बी जीज या बँडच्या 'स्टेइंग अलाइव्ह' (१९७७) या गाण्यावर ड्रम कोणी वाजवले? श्रेयनामावली सांगते, बर्नार्ड लूप. गाणं जगभर गाजलं आणि या ड्रमरची चौकशी करणारे फोन येऊ लागले. इतका पक्का हात, लय तसूभरही हलत नाही, हा माणूस भेटेल कुठे? अडचण एवढीच की असा माणूस नव्हताच. सहनिर्माते आल्बी गॅल्युटन आणि कार्ल रिचर्डसन यांच्या गटाने बर्नार्ड पर्डी या नामवंत ड्रमरच्या नावावरून केलेली ती गंमत होती. 'लूप' म्हणजे टेपचं वेटोळं.

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना हा किस्सा मी मुद्दाम सांगते. छापील नोंद म्हणजे भक्कम पुरावा, असं आपण सहज धरून चालतो. इथे नोंद छापील आहे, त्याच काळातली आहे, काम करणाऱ्यांनी स्वतःच दिलेली आहे, आणि तरीही खोटी आहे!

घडलं होतं असं. पॅरिसजवळच्या शातो द'एरुव्हिल या स्टुडिओत काम चालू होतं आणि बँडचा ड्रमर डेनिस ब्रायन याला घरच्या कारणासाठी निघावं लागलं. आधी एका ऑर्गनमधल्या तालयंत्रावर काम भागवून पाहिलं, पण त्यात काही जान येईना. मग त्यांनी 'नाइट फीव्हर' हे आधीच रेकॉर्ड झालेलं गाणं काढलं, ब्रायनने त्यात वाजवलेले दोन बार उचलले, टेप कापून तिची दोन टोकं एकमेकांना चिकटवली आणि ते वेटोळं मशीनवर फिरत ठेवलं. ब्रायन परत येईपर्यंतची ती तात्पुरती सोय होती. पण ऐकता ऐकता लक्षात आलं की यातच मजा आहे, आणि सोय कायमची झाली.

आता जरा गणित करू, कारण कागदावर 'टेप लूप केला' हे वाक्य फार सोपं दिसतं. गाण्याची गती मिनिटाला साधारण १०४ ठोके. चार ठोक्यांचा एक बार, म्हणजे दोन बारमध्ये आठ ठोके, वेळ सुमारे ४.६ सेकंद. स्टुडिओतली टेप सेकंदाला १५ किंवा ३० इंच धावते. म्हणजे वेटोळं पावणेदोन मीटर नाहीतर साडेतीन मीटर लांब! मशीनवर ते मावणार कसं? म्हणून माइकचा स्टँड दूर उभा करून त्याच्यावरून टेप वळवून आणली, ताण सारखा राहावा म्हणून प्लास्टिकच्या रिळाचा आधार दिला. कापण्याची जागाही अचूक लागते. तबल्याच्या भाषेत सांगायचं तर सम जिथे पडते तिथेच पातं पडलं पाहिजे. केसभर मागेपुढे झालं तर प्रत्येक फेरीला ताल लंगडतो.

हे सगळं मुख्यतः गॅल्युटन यांच्या मुलाखतींतून कळतं. मग त्या आठवणींवर तरी विश्वास का ठेवायचा? हा प्रश्न पडला पाहिजे. इथे तिसरा साक्षीदार म्हणजे खुद्द रेकॉर्ड. हेडफोन लावा आणि फक्त किक आणि स्नेअर ऐका. माणूस वाजवतो तेव्हा प्रत्येक आवर्तनात ठोक्याचं वजन जरासं बदलतंच. इथे दर दोन बारांनी तेच वजन, तीच बारीक ओढ जशीच्या तशी परत येते. फोन करणाऱ्यांनी ज्याला 'पक्का हात' म्हटलं, तीच खरी खूण होती. त्यांना नीट ऐकू आलं होतं, अर्थ तेवढा चुकीचा लावला.

अर्थात हा काही जगातला पहिला लूप नव्हे. १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफर तबकडीची खाच पुढे न सरकता स्वतःतच मिटेल अशी कापत होता. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर अशी एक फेरी पाऊण सेकंदाची होते. त्यातून त्याने बातिन्योल स्थानकावरच्या आगगाड्यांच्या आवाजांची रचना केली. १९६५ मध्ये स्टीव्ह राइखने एका रस्त्यावरच्या धर्मोपदेशकाच्या बोलण्याचे दोन सारखे लूप एकत्र लावले, ते हळूहळू एकमेकांपासून सरकत गेले, आणि त्या सरकण्यातून त्याला त्याचं तंत्र सापडलं. या दोघांवर पुस्तकं आहेत, प्रबंध आहेत. डिस्कोच्या लूपकडे मात्र अभ्यासक किस्सा म्हणूनच बघतात. मला हे पटत नाही. रेकॉर्ड झालेला तुकडा वाद्यवृंदातल्या माणसाच्या जागी बसवणं, ही आजच्या सॉफ्टवेअरची मूळ कल्पना तिथेच जास्त स्पष्ट दिसते.

सॉफ्टवेअरने काय बदललं? टेप हळू केली की सूरही उतरतो, गती आणि सूर एकमेकांना बांधलेले. १९९४ च्या 'रीसायकल'ने आवाजातले ठोके ओळखून तुकडे पाडले, त्यामुळे सूर न बिघडवता ते जवळ किंवा दूर मांडता येऊ लागले. १९९८ मध्ये 'ऍसिड' आलं, २००१ मध्ये 'एबल्टन लाइव्ह'. आता लूप गाण्यात टाकला की तो आपणहून गाण्याच्या गतीला येतो. माइकचा स्टँड गेला.

वाजवणारा मात्र आधीपासूनच गेलेला होता. १९६९ च्या 'आमेन, ब्रदर' या रेकॉर्डवर द विन्स्टन्सचा ड्रमर ग्रेगरी कोलमन जेमतेम सात सेकंद एकटा वाजवतो. ते चार बार पुढे हिप-हॉप आणि जंगल संगीतात हजारो गाण्यांत कापून वापरले गेले. कोलमनचं २००६ मध्ये बेघर अवस्थेत निधन झालं. ब्रायनचे दोन बारही 'मोअर दॅन अ वुमन'मध्ये पुन्हा आले, आणि १९८० मध्ये बार्ब्रा स्ट्रायसंडच्या 'वुमन इन लव्ह'मध्येही. एकदा वाजवलं, तीन-चार गाणी उभी राहिली.

'ऍसिड'साठी तयार केलेल्या वेव्ह फाइलमध्ये आवाजासोबत एक छोटी नोंद असते. तिच्यात ठोक्यांची संख्या, मात्रा, गती आणि मूळ स्वर यांच्यासाठी जागा ठरलेली आहे. वाजवणाऱ्याच्या नावासाठी त्या नोंदीत जागाच नाही. तुमच्या संगणकावर एखादा लूप-संच असेल तर फाइलींची नावं वाचून बघा. बहुतेकदा गतीचा आकडा मिळेल, शैली मिळेल. बर्नार्ड लूपसुद्धा मिळणार नाही.