बिगूलवाल्याचे नाव

इतिहास शिकविताना वीरकथा रंगवून सांगण्याचा मोह मला फार. वर्ग पेंगू लागला की एखादा शूर शिपाई उभा करावा. माना आपोआप ताठ होतात. पण जपानी युद्धचित्रे पाहिल्यापासून या मोहाची मला भीती वाटू लागली आहे.

1894-95 साली कोरियावरून जपान-चीन युद्ध झाले, तेव्हा टोकियोत लाकडी ठशांच्या चित्रांना उधाण आले. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा ते चेरीच्या फळीवर खोदी. प्रत्येक रंगाची फळी निराळी. तीन कागद शेजारी जोडले की एक लढाई पुरी होई. बहुतेक चित्रकारांनी रणांगण पाहिलेसुद्धा नव्हते. वर्तमानपत्रांतल्या बातम्या वाचायच्या, उरलेले कल्पनेने भरायचे. म्हणून जपानी शिपाई काळ्या गणवेशात ताठ आणि देखणे. चिनी मात्र रंगीबेरंगी कपड्यांत, वेण्या उडवीत कोलमडणारे!

29 जुलै 1894 रोजी सोंगह्वानची लढाई झाली. गोळी लागली तरी एका बिगूलवाल्याने ओठांचा बिगूल सोडला नाही, अशी वार्ता आली. नाव सांगितले गेले शिराकामी गेन्जिरो. त्याची चित्रे निघाली, गाणी निघाली. पुढल्या वर्षी खुलासा झाला, की तो वीर शिराकामी नव्हे, किगुची कोहेइ! मग शाळेच्या नीतिपाठात किगुची आला. त्याचा धडा गिरवून मोठी झालेली कितीतरी मुले पुढे स्वतः बंदुका घेऊन गेली.

या चित्रकारांत कोबायाशी कियोचिका थोर. टोकियोतले दिवे, पाऊस, बर्फ त्याने 1876 पासून रंगविले होते. युद्धात त्यानेही चिन्यांची कुचेष्टा करणारी व्यंगचित्रे काढली. तो काही निराळा नव्हता. पण त्याची रात्रीची चित्रे पाहावीत. अंधार आणि थंडी यांत शिपाई नुसत्या सावल्या होऊन उभे असतात. तिथे वीर कोण ते कळत नाही. माझा विश्वास बसतो तो त्या सावल्यांवर.

परवा ती दोन्ही नावे मी फळ्यावर लिहिली. शिराकामीही त्याच लढाईत मेला होता, हेही सांगितले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला.

“गुरुजी, मग त्याच्या आईला काय कळविले असेल?”

मला उत्तर देता आले नाही.