इंजिन ऑइल कधी बदलावे? किलोमीटर मोजा, तासही मोजा

मुंबई, प्रतिनिधी - गाडी सर्व्हिसिंगला दिली की ठरलेला प्रश्न कानावर येतो, 'साहेब, ऑइल बदलायचे ना?' कंपनीच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर लिहिलेले असते. गॅरेजवाला पाच हजार सांगतो. शेजारी तीन हजारांवर ठाम असतो, तर घरातील वडीलधारे 'काळे पडले की बदलायचे' एवढाच नियम जाणतात. या चौघांपैकी कोणाचे ऐकावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. गरज नसताना ऑइल बदलले तर पैसे वाया जातात आणि उशीर केला तर इंजिनाचेच काम निघते. रस्त्यावर गाडी बंद पडली तर टोइंगवाल्याला बोलावता येते. किनाऱ्यापासून वीस-पंचवीस मैलांवर असलेल्या मासेमारी बोटीच्या तांडेलाला मात्र ती सोय नसते.

या प्रश्नाचे एका आकड्यातले उत्तर नाही. परंतु ऑइल का खराब होते हे एकदा समजून घेतले, की आपल्या वाहनाचे उत्तर आपल्यालाच काढता येते.

ऑइल नेमके कशाने बिघडते?

इंजिन ऑइलचे काम केवळ वंगणाचे नसते. ते पिस्टनजवळची उष्णता वाहून नेते, काजळी आणि धातूचे सूक्ष्म कण स्वतःत धरून ठेवते, पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांमधील फट बुजवते आणि धातूला गंजू देत नाही. त्यासाठी मूळ तेलात अनेक रसायने मिसळलेली असतात. इंधन जळताना पाण्याची वाफ आणि आम्ले तयार होतात. त्यांचा काही भाग पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतो. आम्ल मारणारी रसायने हळूहळू संपत जातात, उष्णतेने तेलाचा हवेशी संयोग होऊन ते दाट होते आणि अखेरीस त्याचा चिखलासारखा गाळ बनतो. ऑइल बदलायचे ते हा टप्पा येण्यापूर्वी.

म्हणूनच केवळ रंगावरून निर्णय घेणे फसवे ठरते. डिझेल इंजिनात नवे ऑइल घातल्यावर थोड्याच दिवसांत ते काळे होते. काजळी धरून ठेवण्याचे आपले काम ते करीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. उलट सीएनजीवर चालणाऱ्या टॅक्सीत ऑइल दीर्घकाळ स्वच्छ दिसते, कारण या इंधनाची काजळी अत्यल्प असते. तरीही उष्णतेमुळे होणारा ऱ्हास सुरूच असतो. स्वच्छ दिसते म्हणून ते वापरत राहणे धोक्याचे आहे.

तीन हजार ते दहा हजार

तीन हजारांचा नियम सर्वस्वी खोटा नव्हता. तो जुन्या काळाचा होता. अमेरिकेतही दर तीन हजार मैलांनी, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरनंतर ऑइल बदलण्याची रीत अनेक दशके रूढ होती. त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. इंजिनांचे भाग अधिक अचूक बनू लागले, कृत्रिम अर्थात सिंथेटिक ऑइल सर्वत्र मिळू लागले आणि इंधन स्वच्छ झाले. आपल्याकडे १ एप्रिल २०१० रोजी मुंबई, पुण्यासह काही शहरांत भारत स्टेज-४ इंधन आले. त्यात गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० भाग होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मध्ये ती १० वर आली. गंधक कमी, म्हणून आम्ल कमी आणि म्हणून ऑइलचे आयुष्य अधिक, असे हे सरळ गणित आहे.

आज आपल्याकडील बहुतेक मोटारींसाठी दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असा दंडक आढळतो. युरोपातील काही कंपन्या विशिष्ट ऑइल वापरण्याच्या अटीवर याहून बरीच मोठी मुदत देतात. दुचाकींची मुदत कमी असते. मॉडेलनुसार ती साधारणतः तीन ते सहा हजार किलोमीटर आणि काही नव्या मोटारसायकलींसाठी त्याहून अधिक असते. बहुतेक मोटारसायकलींत एकच ऑइल इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना पुरते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात थंडाव्याचा मोठा भारही त्याच्यावरच असतो. शिवाय ते जेमतेम लिटरभर असते. मोटारीत मात्र तीन ते चार लिटर असते.

शहरातले दहा हजार वेगळे

पुस्तिकेतील मोठा आकडा सर्वांना दिसतो, पण त्याखालची बारीक अक्षरातील ओळ फारसे कोणी वाचत नाही. 'कठीण परिस्थितीत वापर असल्यास मुदत कमी करावी', असे ती ओळ सांगते. या कठीण परिस्थितीची व्याख्या वाचली तर ती आपल्या शहरांचेच वर्णन वाटेल. थांबत-थांबत चालणारी वाहतूक, धूळ, उकाडा, घाटरस्ते, जास्त ओझे आणि वारंवार होणारा तोकडा प्रवास, हे सारे तिच्यात येते.

साधा हिशेब करून पाहा. पुणे-नाशिकसारख्या बाहेरगावच्या फेऱ्यांत ताशी सरासरी ५० किलोमीटर पडले, तर दहा हजार किलोमीटरसाठी इंजिन २०० तास चालते. मुंबईच्या गर्दीत सरासरी ताशी १५ किलोमीटरवर आली, तर त्याच अंतराला सुमारे ६६७ तास लागतात. मीटरवरचा आकडा तोच, पण ऑइलने तिपटीहून अधिक काळ काम केलेले असते. सिग्नलला उभ्या गाडीच्या इंजिनावर भार कमी असतो, त्यामुळे तासांचे मापही तंतोतंत नव्हे. तरीही चाके थांबली म्हणून ऑइलला विश्रांती मिळत नाही, हे लक्षात ठेवावे.

तोकडा प्रवास तर याहून वाईट. घरापासून दोन किलोमीटरवरच्या स्टेशनपर्यंत सोडायचे आणि परतायचे, एवढाच गाडीचा वापर असेल, तर ऑइल पुरते तापतच नाही. त्यातील ओलावा आणि न जळलेले पेट्रोल उडून जात नाही. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पिवळसर साय जमलेली दिसली, तर ती याची खूण समजावी. वर्षभरात जेमतेम दोन हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचेही ऑइल वर्षातून एकदा बदलावे, असे सांगितले जाते ते यामुळेच.

भारत स्टेज-६ डिझेल गाडीच्या मालकांनी आणखी एक काळजी घ्यावी. धुरातील काजळी अडवणारी गाळणी ठरावीक काळाने आपोआप जाळून साफ होते. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर सलग धाव लागते. शहरात ही क्रिया वारंवार अर्धवट राहिली, तर जादा डिझेल ऑइलमध्ये उतरू शकते. डिपस्टिकवरील पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. ऑइल पातळ झाले आहे, असे समजून गाडी थेट सर्व्हिस सेंटरला न्यावी.

समुद्रावर घड्याळाचाच हिशेब

बोटीला किलोमीटरचा मीटर नसतो. तिथे पहिल्यापासून हिशेब तासांचा. किनाऱ्यालगतच्या होड्यांच्या मागे लावलेल्या चार-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिनाचे ऑइल सर्वसाधारणपणे दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलायचे असते. इंजिन नवे असेल, तर पहिला बदल २० तासांच्या आसपासच करतात. मोठ्या बोटींच्या आतील डिझेल इंजिनांसाठी ही मुदत मॉडेलनुसार साधारण १०० ते २५० तास असते. दोन-स्ट्रोक आऊटबोर्डमध्ये ऑइल इंधनाबरोबरच जळून जात असल्याने बदलण्याचा प्रश्न येत नाही. मात्र पंख्याजवळच्या गिअरचे ऑइल तिथेही बदलावेच लागते.

शंभर तास ही मुदत मोटारीच्या तुलनेत फारच कमी वाटेल. पण बोटीला उतार नसतो आणि गिअर सोडून घरंगळत जाण्याची सोयही नसते. पाणी कापत जाणारे इंजिन सतत भाराखाली असते. कसारा घाट संपतच नाही आणि गाडी चढतच राहिली आहे, अशी कल्पना केली म्हणजे त्याच्या श्रमांचा अंदाज येईल. त्यात खारी हवा आणि सभोवती पाणी. समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या शीतक यंत्रणेत गळती झाली, तर पाणी ऑइलपर्यंत पोहोचू शकते. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसू लागले, की इंजिन तात्काळ थांबवावे. केवळ ऑइल बदलून भागत नाही, पाणी कुठून आले तेही शोधावे लागते.

मासेमारीवर गेलेली बोट आठ दिवस समुद्रात राहिली आणि इंजिन रोज बारा तास चालले, तरी ९६ तास भरतात. म्हणजे एका-दोन फेऱ्यांतच मुदत संपते. नाखवा आणि इंजिन सांभाळणारा ड्रायव्हर यांनी तासांची वही ठेवणे म्हणूनच गरजेचे आहे. हंगामाच्या घाईत एक बदल पुढे ढकलला की वाचतात काही हजार रुपये, पणाला लागतात ते खलाशांचे प्राण.

आपल्या किनाऱ्यावरील पावसाळी मासेमारी बंदी साधारणतः १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. ऑइल नंतर बदलू, असे म्हणून अनेक जण ते काम नारळी पौर्णिमेच्या आसपास काढतात. योग्य क्रम याच्या उलट आहे. वापरलेल्या ऑइलमधील आम्ले आणि ओलावा दोन महिने बेअरिंगवर बसून राहिल्यास गंज चढतो. म्हणून बोट शाकारण्यापूर्वीच ऑइल आणि फिल्टर बदलावे आणि शीतक पाण्याची सोय करून इंजिन काही मिनिटे चालवावे, म्हणजे नवे ऑइल सर्वत्र पोहोचते.

पावसाळ्याचा हाच धडा मोटारींनाही लागू आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पाण्यात बुडालेल्या गाडीला चावी फिरवून पाहण्याचा मोह टाळावा. आधी ऑइल तपासावे, त्यात पाणी आढळल्यास ते बदलावे आणि मगच पुढचा विचार करावा.

डब्यावरची अक्षरे

मुदतीइतकेच महत्त्व योग्य ऑइलला आहे. ५डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० यांतील 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्यासाठी आहे. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, तर दुसरा तापलेल्या इंजिनातील त्याचा दाटपणा. मोटारसायकलीसाठी 'जासो एमए' गटातील ऑइल घ्यावे. मोटारीचे ऑइल घातल्यास क्लच घसरू शकतो. चार-स्ट्रोक आऊटबोर्डसाठी 'एफसी-डब्ल्यू' आणि दोन-स्ट्रोकसाठी 'टीसी-डब्ल्यू३' अशा स्वतंत्र खुणा आहेत. महागडे ऑइल घातले म्हणून मुदत आपल्या मनाने वाढवू नये.

हे लक्षात ठेवा

* पुस्तिकेतील किलोमीटर, महिने किंवा तास यांपैकी जे आधी येईल ते पाळा. वापर कठीण असेल, तर त्यातील कमी केलेली मुदत धरा.
* प्रत्येक बदलाच्या वेळी फिल्टरही नवा घाला.
* महिन्यातून एकदा, गाडी सपाट जागी उभी करून आणि इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त ऑइलही घातकच असते.
* वरून भर घालणे म्हणजे ऑइल बदलणे नव्हे.
* बिले जपून ठेवा. वॉरंटीचा दावा करताना ती लागतात.
* रिकामा डबा कापून टाका, म्हणजे त्यात बनावट ऑइल भरून विकले जाणार नाही.

शेवटी प्रश्न उरतो काढलेल्या ऑइलचा. ते गटारात किंवा खाडीत ओतणे, तसेच वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासणे, हे दोन्ही प्रकार आपल्याकडे सर्रास चालतात. कायद्याने मात्र वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे. ते गोळा करून त्यावर पुनर्प्रक्रिया करण्याची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. ग्राहकाने एवढेच करावे, जुने ऑइल कुठे जाणार, हे गॅरेजवाल्याला विचारावे. बंदरातही तेच. बोटीच्या तळाशी साचलेले काळे पाणी समुद्रात सोडणारा नाखवा उद्या त्याच पाण्यात जाळे टाकणार असतो.