दरजुळणीची हमी : अमेरिकेत संगणकाचे सुटे भाग घेताना

एखाद्या वस्तूचा दर दुसऱ्या दुकानात कमी असल्याचे ग्राहकाने दाखवून दिल्यास आपणही ती वस्तू त्याच दराने देऊ, अशा विक्रेत्याच्या जाहीर वचनास अमेरिकेत ‘प्राइस मॅच’ असे म्हणतात. मराठीत त्यास दरजुळणी म्हणता येईल. घासाघीस आणि दरजुळणी यांत मूलभूत भेद आहे. घासाघिशीत दर दोघांच्या बोलण्यातून ठरतो. दरजुळणीत तो तिसऱ्याच दुकानाने आधी ठरवलेला असतो आणि ग्राहकाने केवळ पुरावा सादर करावयाचा असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चार दुकाने पालथी घालून मदरबोर्ड घेणारा मराठी तरुण शिक्षणासाठी अमेरिकेत गेला, की तेथील चकचकीत दुकानात दराविषयी बोलणे त्यास अप्रशस्त वाटते आणि तो पाटीवरील किंमत मुकाट्याने मोजून बाहेर पडतो. त्याची चूक येथेच होते, कारण ही हमी मागणाऱ्यालाच मिळते. न मागणाऱ्याला कोणी आपण होऊन देत नाही.

या प्रथेची मुळे वृत्तपत्रांच्या जाहिरातींत आहेत. सर्किट सिटीसारख्या साखळी दुकानांनी एके काळी ‘११० टक्के’ हमी दिली होती. प्रतिस्पर्ध्याचा दर २० डॉलरने कमी निघाला, तर ते २० डॉलर आणि वर त्या फरकाचा दहावा हिस्सा, म्हणजे एकूण २२ डॉलर ग्राहकास सुटत. कॅलिफोर्नियात १९८५ मध्ये सनीव्हेल येथे सुरू झालेल्या फ्राईज इलेक्ट्रॉनिक्सच्या पानभर जाहिरातींत प्रोसेसर व मदरबोर्ड यांच्या जोड्या विलक्षण स्वस्त असत, आणि ते कात्रण घेऊन अन्य दुकान गाठणारे हौशी जुळारी थोडे नव्हते. पुढे सर्किट सिटीची दुकाने २००९ मध्ये बंद झाली. फ्राईजनेही २०२१ मध्ये गाशा गुंडाळला.

दरम्यान इंटरनेटवरील विक्रीने दुकानदारांसमोर वेगळेच संकट उभे केले. ग्राहक दुकानात येऊन वस्तू हाताळून पाहत, विक्रेत्याकडून माहिती घेत आणि खरेदी मात्र घरी जाऊन अ‍ॅमेझॉन वा न्यूएगवरून करीत. बेस्ट बाय या साखळीची सूत्रे २०१२ मध्ये ह्युबर्ट जोली यांनी हाती घेतली आणि मार्च २०१३ पासून अ‍ॅमेझॉनसह निवडक ऑनलाइन विक्रेत्यांचे दर जुळवण्याचे कायमस्वरूपी धोरण लागू झाले. दुकान केवळ प्रदर्शनाचे दालन ठरू नये, हा त्यामागील हेतू होता. सर्वच विक्रेते या मार्गाने गेले नाहीत. अ‍ॅमेझॉन स्वतः इतरांचे दर जुळवत नाही; टार्गेटने जुलै २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉन व वॉलमार्ट यांच्याशी दर जुळवणे थांबवले.

संगणकाच्या सुट्या भागांच्या बाबतीत या हमीचे सारे मर्म ‘तीच वस्तू’ या दोन शब्दांत साठलेले आहे. टोस्टर किंवा दूरचित्रवाणी संच ओळखणे सोपे; सुटे भाग ओळखणे तसे नाही. ग्राफिक्स कार्डावरील मुख्य चिप एनव्हिडियाची, तीच आणि तितक्याच स्मृतीची असली, तरी आसूसचे कार्ड दाखवून एमएसआयचे कार्ड त्या दरात मागता येत नाही. इतकेच काय, एकाच कंपनीच्या दोन कार्डांत पंख्यांची संख्या किंवा कारखान्यातून ठरवून दिलेली गती निराळी असते आणि तो फरक केवळ क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरांत दडलेला असतो. मेमरीचेही तसेच. १६ जीबीच्या दोन पट्ट्यांचा संच आणि ३२ जीबीची एकच पट्टी यांची एकूण क्षमता सारखी, पण त्या वस्तू भिन्न. प्रोसेसर पेटीबंद मिळतो, तसाच तो संगणक जुळणाऱ्या कंपन्यांसाठी असलेल्या ट्रेमधला सुटाही मिळतो; सुट्याला पंखा नसतो आणि उत्पादकाची ग्राहकासाठीची हमीही बहुधा नसते. एसएसडी उष्णतावाहक पट्टीसह आणि पट्टीविना अशी दोन रूपांत येते. म्हणून जाहिरातीतील नाव न पाहता उत्पादकाचा पूर्ण क्रमांक, शक्य तर पेटीवरील बारकोडाचा आकडा, ताडून पाहावा. बहुतेक विनंत्या येथेच फेटाळल्या जातात, आणि खरे सांगायचे तर बहुतेक वेळा त्या रास्तपणेच फेटाळल्या जातात.

दुसरी अट विक्रेत्याची. अ‍ॅमेझॉन, न्यूएग किंवा वॉलमार्टच्या संकेतस्थळावर दिसणारी प्रत्येक वस्तू त्या कंपनीचीच असते असे नाही. तेथे हजारो तिऱ्हाईत व्यापारी आपला माल मांडून बसलेले असतात. वस्तू त्या कंपनीनेच विकलेली असावी, असा दरजुळणीचा सर्वसाधारण नियम आहे. वस्तू नवी आणि त्या क्षणी साठ्यात असावी लागते. दुरुस्त केलेला, पेटी उघडलेला वा मोडीत काढलेला माल, सभासदांपुरते दर, एकावर एक फुकट अशा जोडसवलती आणि थँक्सगिव्हिंगपासून पुढच्या सोमवारपर्यंतचे खास सणाचे दर हे सारे बहुधा वगळलेले असते. म्हणजे जेव्हा सवलती सर्वांत मोठ्या असतात, नेमक्या त्याच दिवसांत हमी रजेवर जाते! मायक्रो सेंटर ही १९७९ मध्ये ओहायोतील कोलंबस येथे सुरू झालेली साखळी प्रोसेसर, मदरबोर्ड आणि मेमरी एकत्र घेणाऱ्यास मोठी सूट देते. परंतु तो दर संचाचा असल्याने एकट्या प्रोसेसरसाठी तो इतरत्र दाखवून उपयोग होत नाही.

कधीकधी संकेतस्थळावर किंमतच दिसत नाही. ‘दर पाहण्यासाठी वस्तू टोपलीत टाका’ असे लिहिलेले असते. उत्पादकाने जाहिरातीत दाखवायचा किमान दर ठरवून दिलेला असतो, त्याचा हा परिणाम होय. विक्री त्याहून स्वस्त होऊ शकते, मात्र तो आकडा उघडपणे मिरवता येत नाही. विक्रीच्या किमान किमतीविषयीचे उत्पादकांचे करार सरसकट बेकायदा ठरू नयेत, प्रत्येक प्रकरण गुणदोषांवर तपासावे, असा निकाल अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये लीजिन खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी दिला. अशा वेळी छापील पानाचा उपयोग नसतो. ग्राहकाने दुकानातील कर्मचाऱ्यासमोरच ती टोपली उघडून दाखवावी, हे उत्तम.

प्रत्यक्ष दुकानात वागण्याची रीत साधी आहे. गर्दीची वेळ टाळावी, पैसे देण्यापूर्वीच विनंती करावी आणि पान दाखवण्यापेक्षा दुवा द्यावा, कारण कर्मचारी आपल्या संगणकावर तो दर स्वतः पडताळून पाहतो. एका ग्राहकास त्या वस्तूचा एकच नग, ही अटही बहुधा असते. कर्मचाऱ्याने नकार दिल्यास पर्यवेक्षकास विचारावे. आवाज चढवून काही साधत नाही, कारण दर जुळवण्याची सक्ती कोणताही कायदा करीत नाही. खरेदीनंतरही एक दार उघडे राहते. त्याच दुकानाने परतीच्या मुदतीत आपला दर उतरवला, तर फरक मागता येतो. बेस्ट बायमध्ये सामान्य ग्राहकास ही मुदत १५ दिवसांची आहे. नव्या पिढीचा प्रोसेसर येऊ घातला असताना जुना घेणाऱ्याने हे १५ दिवस विसरू नयेत. पूर्वी काही क्रेडिट कार्डेही असा फरक भरून देत; २०१८ च्या सुमारास अनेक बँकांनी ती सोय काढून घेतली.

दुकान म्हणेल तोच पुरावा मानण्याचेही कारण नाही. मे २००७ मध्ये कनेक्टिकट राज्याचे महान्यायवादी रिचर्ड ब्लूमेंथाल यांनी बेस्ट बायविरुद्ध दावा दाखल केला. दुकानातील संगणकावर कंपनीच्या संकेतस्थळासारखेच हुबेहूब दिसणारे अंतर्गत पान उघडते आणि त्यावर इंटरनेटवरील सवलतीऐवजी दुकानातील चढा दर दिसतो, असा आरोप त्यात होता. आता प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा फोन असल्याने अशी पंचाईत सहसा होत नाही.

कराचा हिशेबही ध्यानात घ्यावा. २०१८ पूर्वी ज्या राज्यात विक्रेत्याचे दुकान वा गोदाम नाही, तेथील ग्राहकाकडून विक्रीकर घेण्याची सक्ती त्याच्यावर नव्हती. त्यामुळे ४०० डॉलरच्या कार्डाचा दर जुळला, तरी ८ टक्के कराचे ३२ डॉलर स्थानिक दुकानात जास्त जात. त्या वर्षीच्या वेफेअर खटल्यातील निकालानंतर हा फरक बव्हंशी मिटला.

या हमीने बाजार खरोखर स्वस्त होतो काय, याविषयी अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. स्टीव्हन सॅलप यांनी १९८६ मध्ये उलटाच युक्तिवाद मांडला. आपण दर उतरवताच समोरचाही तो जुळवणार आणि आपल्याकडे ग्राहक वळणार नाही, हे ठाऊक असल्यास दर उतरवण्याची इच्छाच मावळते. शिवाय मागणाऱ्यास एक दर आणि न मागणाऱ्यास दुसरा, अशी वर्गवारी आपोआप होते. हा आक्षेप मला बराचसा पटतो. परंतु म्हणून व्यक्तिशः ग्राहकाने चढा दर मोजावा, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

टंचाईच्या काळात मात्र हमी निरुपयोगी ठरते. २०११ मध्ये थायलंडमधील पुराने हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले. २०२०-२१ मध्ये ग्राफिक्स कार्डे दिसेनाशी झाली. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून आलेल्या मागणीमुळे मेमरीचे दर भडकले. जुना स्वस्त दर संकेतस्थळावर दिसतो, पण खाली ‘साठा संपला’ असे असते, आणि साठ्यात नसलेल्या वस्तूचा दर कोणी जुळवत नाही.

सुट्टीत घरी येताना भावंडासाठी अमेरिकेतून एखादे कार्ड आणणाऱ्यांनी तेथे वाचलेले डॉलर मोजताना आणखी एक गोष्ट पाहावी. अनेक उत्पादकांची हमी ज्या देशात विक्री झाली त्या देशापुरतीच असते. भारतात छापलेली कमाल किंमत ही केवळ वरची मर्यादा असल्याने लॅमिंग्टन रोडवर त्याहून कमी दर मिळतोच. तेथे १८ टक्के जीएसटीचे पक्के बिल आणि भारतीय वितरकाची हमी घेतली, तर तीन वर्षांत कार्ड बिघडल्यास ते बदलून घेण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही.