युक्तिवादाचा आरंभ कोठून? ग्रीक तत्त्वज्ञानातील प्रतिष्ठित मते आणि दास्याचा प्रश्न

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानाची ओळख आपल्याकडे बहुधा निष्कर्षांच्या रूपाने होते. प्लेटोने आदर्श राज्य कसे कल्पिले, ॲरिस्टॉटलने राज्यपद्धतींचे वर्गीकरण कसे केले, हे अभ्यासकांस ठाऊक असते. परंतु हे विचारवंत युक्तिवादाचा आरंभ कोठून करीत आणि कोणाची मते विचारार्ह मानीत, हा प्रश्न उपेक्षित राहतो. आमच्या मते तो गौण नाही. आरंभी कोणाचे मत जमेस धरले, यावर अखेरीस कोणाला न्याय मिळणार हे पुष्कळ अंशी ठरते.

मताला ग्रीक भाषेत 'डोक्सा' म्हणत. इ. स. पू. पाचव्या शतकातील पार्मेनिडीसने आपल्या काव्यात सत्याचा मार्ग आणि मर्त्यांच्या मतांचा मार्ग यांची फारकत केली. सॉक्रेटिसनेही बहुसंख्यांचे मत प्रमाण मानले नाही. प्लेटोच्या 'गॉर्जियस' या संवादात तो साक्षीदारांची गर्दी नाकारतो आणि ज्याच्याशी वाद चालला आहे त्या एकाचीच संमती मागतो. समोरच्याला मान्य असलेल्या विधानांतूनच तो त्याच्या मतातील विसंगती उघड करी.

या व्यवहाराला शास्त्राचे रूप दिले ते ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४-३२२). 'टॉपिक्स' या आठ भागांच्या ग्रंथाच्या आरंभीच तो युक्तिवादाचे प्रकार सांगतो. सत्य व मूलभूत विधानांपासून निघतो तो सिद्धतेचा युक्तिवाद. प्रतिष्ठित मतांपासून निघतो तो वादपद्धतीचा युक्तिवाद. अशा मतांना तो 'एंडोक्सा' ही संज्ञा देतो. जी मते सर्वांना, बहुसंख्यांना किंवा सुज्ञांना पटतात, आणि सुज्ञांपैकी सर्वांना, बहुतेकांना वा सर्वांत नामवंतांना पटतात, ती एंडोक्सा होत. केवळ तशी भासणाऱ्या मतांवर आधारलेला वाद हा वितंडवाद ठरतो.

या पद्धतीचा उत्तम नमुना 'निकोमाखियन एथिक्स'च्या सातव्या भागात आढळतो. चांगले काय हे जाणूनही मनुष्य वाईट का करतो, हा तेथील प्रश्न आहे. प्रथम प्रचलित मते मांडावीत, नंतर त्यांतील अडचणी तपासाव्यात आणि शेवटी शक्य तर सर्व, निदान बहुतेक व अधिक महत्त्वाची मते टिकवावीत, असा क्रम तो सांगतो. जाणत्याच्या हातून वाईट घडूच शकत नाही, हे सॉक्रेटिसचे मत अनुभवाशी उघड विसंगत असल्याचे तो म्हणतो. तथापि अखेरीस त्या मताचाही काही अंश राखतो. म्हणजे एंडोक्सा ही शब्दप्रामाण्याची वचने नव्हेत. ती चिकित्सेसाठी घेतलेली सामग्री होय.

हीच पद्धती दास्याच्या प्रश्नाला लावली असता काय झाले? 'पॉलिटिक्स'च्या पहिल्या भागात ॲरिस्टॉटल दोन मते नोंदवितो. दासांवर सत्ता चालविणे हे एक शास्त्रच आहे, असे काहींचे मत. धनी आणि दास हा भेद निसर्गाने नव्हे तर रूढीने निर्माण केला असून बळावर आधारलेला असल्याने तो अन्याय्य आहे, असे इतरांचे मत. तेव्हा त्या काळी हे कोणालाच सुचले नव्हते, असा बचाव टिकत नाही. थीब्जने इ. स. पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्रा येथे स्पार्टाचा पराभव केल्यानंतर मेसेनियातील हेलट दास्यातून मुक्त झाले. त्यांच्या बाजूने अल्किडामस या वक्त्याने रचलेल्या भाषणात, निसर्गाने कोणालाही दास केलेले नाही, अशा आशयाचे उद्गार असल्याचे एका प्राचीन टीकाकाराने नोंदविले आहे. ॲरिस्टॉटल स्वतः 'ऱ्हेटॉरिक' या ग्रंथात या भाषणाचा उल्लेख करतो.

तरीही त्याचा निर्णय काय? तो दोन्ही मतांचा थोडाथोडा अंश टिकवितो. युद्धात जिंकला गेला एवढ्याने कोणी खरा दास ठरत नाही, हे तो मान्य करतो. परंतु काही माणसे निसर्गतःच दास असतात असे सांगून दास्यसंस्था वाचवितो. अडचणी त्याला दिसल्या नव्हत्या असे नाही. दास व स्वतंत्र यांची शरीरे निराळी करण्याचा निसर्गाचा हेतू असतो, पण पुष्कळदा उलटेच घडते, असे तोच लिहितो. त्याच ग्रंथाच्या सातव्या भागात सर्व दासांपुढे स्वातंत्र्याचे बक्षीस ठेवावे, असे तो सुचवितो. जो निसर्गतःच दास, त्याला स्वातंत्र्य बक्षीस कसे देता येईल? ही विसंगती त्याने सोडविली नाही.

आमच्या मते येथे दोन दोष आहेत. जास्तीत जास्त मते टिकविण्याचा आग्रह जेथे केवळ समजुतीचा भेद असतो तेथे उपकारक ठरतो. जेथे एका मतामागे धन्याचा लाभ उभा असतो, तेथे असा समन्वय अन्यायाच्याच पदरात पडतो. दुसरा दोष अधिक खोल आहे. या विवेचनात कायदेपंडितांचे मत येते, सुज्ञांचे मत येते. दासाचे मत येत नाही. 'सर्व' या शब्दाच्या व्याप्तीतून ज्याच्याविषयी निर्णय द्यावयाचा तोच वगळला गेला.

पुढे स्टोइक पंथाने समान कल्पनांचा विचार निराळ्या रीतीने मांडला. त्या पंथाचा आचार्य एपिक्टेटस इ. स. पहिल्या शतकात फ्रिजियातील हिएरापोलिस येथे जन्मला आणि रोममध्ये दास म्हणून राहिला. मुक्त झाल्यावर त्याने निकोपोलिस येथे अध्यापन केले. त्याची प्रवचने त्याचा शिष्य एरियन याने लिहून ठेवली. चांगले व न्याय्य यांविषयीच्या मूळ कल्पना सर्व माणसांत समान असतात, झगडा होतो तो त्या प्रत्यक्ष प्रसंगांना लावताना, असे तो शिकवी. दास हा धन्याचा बंधूच आहे, हेही त्याने बजावले. दास्यसंस्था नष्ट करावी अशी मागणी त्याने केली नाही, ही मर्यादा नोंदविली पाहिजे. तथापि त्याच्या 'सर्व माणसे' या शब्दांत दास समाविष्ट होता.

मान्य मतांपासून आरंभ करणे कोणत्याही वादाला टाळता येत नाही. म्हणून मत सर्वमान्य आहे असे कोणी सांगितले, की ते तपासण्यापूर्वी 'सर्व' म्हणून कोणाची गणना झाली आणि कोणाला विचारलेच गेले नाही, हे प्रथम पाहावे. ॲरिस्टॉटलची पद्धती त्याच्याच निर्णयावर उलटवून पाहण्याचे सामर्थ्य या एका प्रश्नात आहे.