पालुपद आणि चाचणी : समूहगायनातील विद्यार्थिप्रवेशाचा ऐतिहासिक विचार

समूहगायनाच्या इतिहासात काय गायिले गेले याच्या नोंदी विपुल आढळतात. कोणास गाऊ दिले, आणि ते कोणत्या कसोटीवर, याच्या नोंदी मात्र विरळ असतात. चर्चच्या गायनवृंदात अथवा महाविद्यालयाच्या गायनसंघात प्रवेश मिळावा म्हणून विद्यार्थ्याने आपला आवाज परीक्षकांपुढे ठेवावा, ही प्रथा आज इतकी रूढ झाली आहे की तिलाही इतिहास आहे, याचा सहसा विसर पडतो. मराठी प्रदेशात समूहगायनाचे दार निरनिराळ्या काळी निरनिराळ्या किल्ल्यांनी उघडले आहे. त्या किल्ल्या कोणत्या, आणि त्यांपैकी कोणती आज हरवू पाहत आहे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

विवेचनास स्थळ म्हणून गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी हा तालुका सोयीचा आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्यात अर्जुनी नावाची दोन तालुक्यांची गावे असल्याने एकास ‘सडक’ व दुसऱ्यास ‘मोरगाव’ ही उपाधी जोडली जाते. हा सारा मुलूख झाडीपट्टीचा, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील वनाच्छादित पूर्व पट्ट्याचा भाग आहे. येथे गोंडी परंपरा, वारकरी भजन, दंडार आणि नाटक ही एकमेकांशेजारी नांदत आली; आणि ज्या रेल्वेमार्गावर गोंदिया वसले आहे, त्याच मार्गाचा मराठी ख्रिस्ती गायनाच्या इतिहासाशी एका प्रसंगाने संबंध येतो.

या मुलुखातील गायनप्रवेशाची एक जुनी किल्ली जन्माची आहे. गोंड समाजातील लिंगोची गाथा गाण्याचा अधिकार परंपरेने प्रधान गायकांकडे असे व किंगरी हे त्यांचे वाद्य. सालेकसा तालुक्यातील कचारगड हे लिंगोच्या कथेशी निगडित असे गोंडांचे यात्रास्थान आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे १८४५ पासून नागपुरास होते. त्यांनी मिळविलेली लिंगोची गाथा त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी त्यांच्या इतर टिपणांसह प्रसिद्ध केली. गायकाच्या घरी जन्मलेला मुलगा ऐकतच वाढे. त्याची निवड जन्मानेच झालेली असे. अशा व्यवस्थेत गाथा पिढ्यान्‌पिढ्या टिकते, परंतु त्या घराबाहेरच्या मुलास, त्याचा आवाज कितीही चांगला असला तरी, तेथे स्थान नसते.

दुसरी किल्ली पालुपदाची. वारकरी कीर्तनात कीर्तनकार पुढे उभा राहतो व टाळकरी मागे. त्याने म्हटलेले धृपद टाळकऱ्यांनी उचलावयाचे असते. तुकोबांचे चौदा टाळकरी परंपरेत प्रसिद्धच आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, स्वतः तुकोबांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात, आरंभी कीर्तनाचा अभ्यास नसताना संतांची वचने पाठ केली व पुढे गाणाऱ्यांचे धृपद धरले, असे सांगितले आहे. म्हणजे धृपद धरणे हे केवळ साथीचे काम नव्हते. ती शिक्षणाची पहिली पायरी होती. अभंगाची रचनाही या प्रवेशास अनुकूल आहे. मोठ्या अभंगात पहिली तीन चरणे सहा सहा अक्षरांची व चौथे चार अक्षरांचे असते; लहान अभंगात आठ आठ अक्षरांची दोन चरणे असतात. अक्षरसंख्या नियत असल्याने चाल एकदा कानात बसली की कोणताही अभंग तीत बसतो. आणि धृपद प्रत्येक कडव्यानंतर परत येत असल्याने, एवढी एकच ओळ येणारा मुलगाही त्या रात्री गायक ठरतो. प्रथम हाती टाळ, मग धृपद, मग कडवे, अशा क्रमाने तो पुढे सरकतो. त्याची परीक्षा होत नाही असे नाही. ती रोज होते, परंतु प्रवेश मिळाल्यानंतर होते.

विदर्भात विसाव्या शतकात या पद्धतीस राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) नवे रूप दिले. खंजिरीच्या साथीवरचे त्यांचे भजन व त्यांनी रुजविलेली सामुदायिक प्रार्थना यांत सर्वांनी एकत्र म्हणणे हेच मुख्य होते. १९२३ मध्ये स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ २००५ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तिसरी किल्ली वाचनाची असून ती युरोपीय चर्चबरोबर आली. युरोपीय पद्धतीच्या गायनवृंदात चार स्वरपंक्ती एकाच वेळी चालतात : स्त्रियांचा अथवा बालकांचा उंच आवाज, त्याखालचा आवाज, पुरुषांचा उंच आवाज व पुरुषांचा खर्ज. प्रत्येक पंक्तीची सुरावट निराळी असल्याने शेजाऱ्याचे ऐकून गाता येत नाही. लिहिलेले स्वर वाचावे लागतात, आणि चारांपैकी एक पंक्ती दुबळी पडली की सारी रचना कलते. म्हणून येथे आवाजाची जात व पल्ला पाहून निवड करणे अटळ होते. या निवडीची उत्तम सोय गोव्यात झाली. तेथील पॅरिश शाळांत पोर्तुगीज काळापासून मुलांना स्वरलिपीचे वाचन व व्हायोलिन शिकविले जाई, आणि तीच मुले चर्चच्या गायनवृंदात उभी राहत. शिक्षण आधी व निवड नंतर, असा हा क्रम होता. त्याचे फळ चर्चच्या भिंतींबाहेरही दिसले. माजोर्डा येथे १९२७ मध्ये जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे गायनवृंदाच्या शिक्षकाचेच पुत्र. ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नामांकित वादक व वाद्यवृंद-रचनाकार झाले आणि १९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला. स्वरलिपी वाचू शकणाऱ्या अशा गोमंतकीय वादकांवाचून त्या काळच्या चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ उभा राहणे कठीण होते.

महाराष्ट्रातील मराठी चर्चची वाट निराळी झाली, आणि याचे एक कारण भाषेतच आहे. इंग्रजी स्तोत्राचे वृत्त आघातावर उभे असते. ओळीचा आरंभ बहुधा निराघात अवयवाने होतो व चालीचा ठोका दुसऱ्या अवयवावर पडतो. मराठीत आघात अर्थभेदक नाही. पद्यास आधार असतो तो अक्षरसंख्येचा अथवा लघुगुरुक्रमाचा. अशा स्थितीत विलायती चालीवर बसविलेल्या भाषांतरित स्तोत्रात ठोका भलत्याच अक्षरावर पडतो, ऱ्हस्व स्वर ताणले जातात व शब्द ओळखू येईनासा होतो. असे स्तोत्र म्हणण्यास सराव केलेला वृंद लागे, आणि मंडळीतील बाकीच्यांनी पुस्तक हाती धरून ऐकत राहावे अशी स्थिती येई.

यावर उपाय अहमदनगरकडील ख्रिस्ती मंडळींना सापडला तो कीर्तनात व भजनात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पडला. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी या वाटेचा राजमार्ग केला. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जात असता आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ वाचावयास दिला, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. ती गाडी गोंदियावरूनच जात असे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंग, ओवी व पद यांत ओतली आणि ‘उपासना संगीत’ या मराठी स्तोत्रसंग्रहात त्यांच्या रचना मोठ्या संख्येने समाविष्ट झाल्या. या घटनेचा वाङ्मयीन अर्थ पुष्कळांनी सांगितला आहे. तिचा दुसरा अर्थ प्रवेशविषयक आहे. स्तोत्रास धृपद मिळाले तेव्हा अक्षरओळख नसलेली ग्रामीण स्त्री व शाळकरी मूल ही दोघेही गायनात सामील होऊ शकली. वृंद आणि मंडळी यांमधील सीमारेषा पुसट झाली, आणि उपासनेत गाण्यासाठी निवड होण्याची आवश्यकता उरली नाही. याची किंमतही होती. चार स्वरपंक्तींचे शिक्षण व स्वरलिपीचे वाचन, जे गोव्यातील मुलास सहज मिळाले, ते भजनाच्या वाटेने जाणाऱ्यास मिळाले नाही.

चौथी किल्ली चाचणीची. तिला संस्थात्मक रूप आले ते प्रामुख्याने आकाशवाणीमुळे. नागपूर केंद्र जुलै १९४८ मध्ये सुरू झाले. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, आणि त्यांच्या कारकीर्दीत कलावंतांच्या चाचणीची मंडळे नेमली गेली. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारखे विद्वान त्या कामी होते. परीक्षकांस कलावंताचा केवळ आवाज ऐकू यावा, असा या पद्धतीचा रोख होता. प्रस्थापित कलावंतांपैकी अनेकांनी तिला कडाडून विरोध केला. परंतु तिच्यामागील तत्त्व न्याय्य होते हे नाकारता येत नाही. पडद्याआडच्या आवाजास कुळ नसते, घराणे नसते, शिफारस नसते. जन्माच्या किल्लीने जे दार बंद ठेवले होते, ते चाचणीने निदान तत्त्वतः उघडले.

तथापि चाचणीस एक मर्यादा आहे. ती तयार आवाज निवडते. आवाज तयार करीत नाही. विद्यापीठीय युवक महोत्सवांत समूहगीतासाठी गायकांची कमाल संख्या सहा ठेवलेली असते. त्या सहांत येऊ इच्छिणारा सडक अर्जुनीकडचा विद्यार्थी नागपुरास येतो, तेव्हा त्याच्या मागे कदाचित भजनी मंडळाचे टाळ असतात, दंडारीत पुढच्याचे पद उचलण्याचा सराव असतो, किंवा देसाईगंज-वडसा हे ज्यांचे केंद्र आहे त्या झाडीपट्टी नाट्यमंडळ्यांत रात्रभर पेटीतबल्याशेजारी बसून मिळविलेला कान असतो. या रंगभूमीस आज मान्यता लाभली आहे; तिच्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली. परंतु दोनतीन मिनिटांच्या चाचणीत हा कान मोजला जात नाही. दुसऱ्याचा सूर ऐकून आपला त्यात मिळविणे हा समूहगायनाचा प्राण. आणि चाचणीत तर उमेदवार एकटाच गातो.

या इतिहासावरून असे दिसते की, ज्या परंपरांनी गायक घडविले त्यांनी प्रवेश व शिक्षण यांची सांगड घातली होती. गोव्याच्या शाळेने शिकवून निवडले; कीर्तनाने आत घेऊन शिकविले. आजच्या महाविद्यालयीन गायनसंघांनी चाचणी मात्र उचलली, तिच्या आधीची शाळा अथवा नंतरचे धृपद उचलले नाही. व्यासपीठावर सहाच उभे राहू शकतील, हा नियम बदलण्याची गरज नाही. सरावाच्या खोलीत मात्र संख्येचे बंधन घालणारा कोणताही नियम नाही. निवड न झालेल्यांना तेथे धृपद धरण्यास बसविले, तर पुढील वर्षीच्या चाचणीस त्यांच्यापैकी काही तयार होऊन येतील. सामुदायिक प्रार्थनेच्या प्रवर्तकाचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या परिसरात हा प्रयोग प्रथम व्हावा, हे इतिहासास धरून होईल.