आभासी यंत्रांची उच्च उपलब्धता

आभासी यंत्रांची उच्च उपलब्धता : एका प्रत्यक्ष संगणकावर विशिष्ट आज्ञावलीच्या साहाय्याने अनेक स्वतंत्र संगणक निर्माण केल्याचा आभास उत्पन्न करता येतो. अशा प्रत्येक संगणकास ‘आभासी यंत्र’ म्हणतात. यंत्रसामग्रीत बिघाड झाला, तरी त्यावरील सेवा खंडित होऊ नये, यासाठी केलेल्या योजनेस ‘उच्च उपलब्धता’ ही संज्ञा आहे. या दोन कल्पनांचा उगम भिन्न असून त्यांचा खरा संगम एकविसाव्या शतकात झाला.

इतिहास : आयबीएम कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील शास्त्रीय केंद्रात रॉबर्ट क्रीझी यांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये सीपी-४० या प्रणालीचे काम सुरू झाले व १९६७ मध्ये ती वापरात आली. महागड्या संगणकाचा अनेकांना एकाच वेळी उपयोग करता यावा, हा तिचा हेतू होता. याच परंपरेतील व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये जाहीर झाली. १९७४ मध्ये जेरल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी अशा प्रणालींना आवश्यक असलेल्या संगणकरचनेचे निकष मांडले. एक्स८६ प्रक्रियकांची मूळ रचना त्या निकषांत बसत नव्हती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने अडचणीच्या आज्ञांचे चालू अवस्थेतच रूपांतर करून ही उणीव भरून काढली. पुढे इंटेल (२००५) व एएमडी (२००६) यांनी प्रक्रियकातच तशी सोय केली.

अखंड सेवेची परंपरा याहून निराळी. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या टँडम कंपनीने १९७६ पासून महत्त्वाचे घटक दुहेरी असलेले संगणक पुरविले. २००३ मध्ये चालू आभासी यंत्र एका संगणकावरून दुसऱ्यावर हलविण्याची सोय व्हीएमवेअरने उपलब्ध केल्यावर हे दोन प्रवाह एकत्र आले.

नियोजन : व्यावसायिक प्रणालीत सामान्यतः दर्शनी, व्यवहारविषयक व माहितीसाठ्याचा असे तीन स्तर असतात. ९९·९ टक्के उपलब्ध असलेला एक स्तर वर्षातून सु. ८·८ तास बंद राहू शकतो. तिन्ही स्तर परस्परावलंबी असल्याने संपूर्ण सेवेच्या बाबतीत हा काळ सु. २६ तासांवर जातो. प्रत्येक स्तरावर दोन स्वतंत्र यंत्रे ठेवल्यास तो गणिताने सु. दीड मिनिटावर येतो. मात्र येथे ‘स्वतंत्र’ हा शब्द निर्णायक होय. दोन्ही यंत्रे एकाच प्रत्यक्ष संगणकावर किंवा एकाच वीजपुरवठ्यावर असतील, तर हे गणित फोल ठरते. म्हणून जोडीतील यंत्रे भिन्न संगणकांवर, भिन्न मांडण्यांवर व शक्य तर भिन्न इमारतींत ठेवतात. माहितीसाठ्याच्या स्तरावर केवळ दुसरे यंत्र पुरत नाही. नोंदींची प्रतही सतत अद्ययावत ठेवावी लागते.

मर्यादा : समान आज्ञावलीतील दोष सर्व प्रतींना एकाच वेळी ग्रासतो. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर सेवेतील आज्ञावलीने एका प्रमाणपत्रासाठी २९ फेब्रुवारी २०१३ ही अस्तित्वात नसलेली मुदत काढली. त्यामुळे नवी आभासी यंत्रे सुरू होईनात. नियंत्रक प्रणालीने हा यंत्रसामग्रीचा बिघाड समजून यंत्रे इतर संगणकांवर हलविली व त्यामुळे दोष अधिकच पसरला. संरक्षणासाठी योजलेली यंत्रणाच बिघाडाची वाहक बनू शकते, हे या घटनेने दाखवून दिले. यास्तव प्रतींच्या संख्येइतकेच त्यांच्या परस्परस्वातंत्र्याला, सुधारणा टप्प्याटप्प्याने लागू करण्याला व बिघाडाच्या प्रत्यक्ष तालमीला नियोजनात महत्त्व आहे.