जासुदांची धांव

आश्विन पौर्णिमेच्या सुमारास सोलापुराहून तुळजापुरास जाणारा रस्ता ज्यांनीं रात्रीच्या वेळीं पाहिला असेल, त्यांस मनुष्याचे पाय त्याला किती दूर नेऊं शकतात हें निराळें सांगावयास नको. सुमारें ४५ किलोमीटरांची ती वाट हजारो स्त्रीपुरुष रातोरात पायांखालीं घालतात. देवीचा पलंग तर पुणें जिल्ह्यांतील घोडेगांवाहून निघून कित्येक दिवसांच्या वाटचालीनें भाविकांच्या खांद्यांवरून धाराशिव जिल्ह्यांत येतो. या मंडळींना कोणी क्रीडापटु म्हणत नाहीं, व त्यांचीहि तशी अपेक्षा नसते. परंतु अलीकडे अनेक दिवस चालणाऱ्या धांवण्याच्या शर्यतींचें वेड आपल्याकडील सुशिक्षित तरुणांत शिरलें असून, ही विद्या पश्चिमेकडून आली अशी त्यांची समजूत दिसते. शर्यत आली असेल. धांव मात्र येथलीच आहे.

नळदुर्ग व परांडा हे दोन किल्ले ज्या टापूंत उभे आहेत तो पुणें आणि हैदराबाद या दोन दरबारांच्या मधला. ११ मार्च १७९५ ची खर्ड्याची लढाई झाली ती परांड्याच्या शेजारच्याच मुलुखांत. त्यापूर्वीं निजामाच्या दरबारीं पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे, आणि पुण्यांत नाना फडणीस. या दोघांमध्यें पत्रांची जी ये-जा चाले तिचा भार जासुदांच्या पायांवर. महत्त्वाचा कागद बहुधा एकट्या माणसाबरोबर जात नसे. 'जासूद जोडी' रवाना होई, कीं एक वाटेंत पडला किंवा पकडला गेला तरी दुसऱ्यानें पुढें जावें. भाडोत्री जासुदास अजुरदार म्हणत. त्याची मजुरी, म्हणजे अजुरा, व पोंचण्याची मुदत आधींच ठरे. धांवेला वेळेचें बंधन घालून तिचें मोल करण्याची ही रीत शर्यतीहून फारशी निराळी नाहीं. टाळ्या वाजवावयास कोणी नसे, एवढेंच.

या लोकांच्या वेगाविषयीं अतिशयोक्ति पुष्कळ होते, म्हणून एक प्रसिद्ध उदाहरण आम्ही जरा हिशेबानें पाहणार आहों. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. ग्रांट डफ लिहितो, कीं ता. २४ रोजीं नर्मदा उतरत असतां पेशव्यांच्या लष्करास सावकारांचा एक कासीद भेटला. त्याच्याजवळच्या पत्रांत मोत्यें, मोहरा व खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेंत सर्वनाशाची वार्ता होती. लढाईपासून नवव्या दिवशीं औरंगाबादेस पोंचण्याचा करार करून तो निघाला होता. आतां पानिपत ते औरंगाबाद हें अंतर नकाशावर सरळ रेघ ओढली तरी हजार किलोमीटरांहून अधिक भरतें. म्हणजे रोजचे जवळजवळ १२०. आणि नववा दिवस उलटला तरी हा मनुष्य अजून नर्मदेवरच! सावकारानें वायदा केला तो दुसऱ्याच्या पायांच्या जिवावर.

पण वायदा चुकला म्हणून धांवेस कमी लेखूं नये. पानिपत ते नर्मदा सरळ रेषेनेंच सुमारें ७५० किलोमीटर. प्रत्यक्ष वाट त्याहून लांब. दहा दिवसांत ती काटावयाची म्हणजे रोज ७५ किलोमीटरांच्या वर, आणि तेंहि रणधुमाळीनें बिघडलेल्या मुलुखांतून, चंबळ ओलांडून, थंडीच्या दिवसांत. कोणी म्हणेल, वाटेंत माणसें बदललीं असतील. पाळीनें धांवण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच. घंटा लावलेली काठी हातीं घेऊन मैलाच्या एकेक तृतीयांशावर उभे असलेले डाकवाले चौदाव्या शतकांत इब्न बतूतानें वर्णिले आहेत. तथापि डफ एकाच माणसाविषयीं बोलतो, व तें आम्हांस अविश्वसनीय वाटत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड-अमेरिकेंत सहा दिवसांच्या शर्यती पैशासाठीं होत. १८८८ मध्यें न्यूयॉर्क येथें जॉर्ज लिटलवुड हा सहा दिवसांत ६२३¾ मैल, म्हणजे हजार किलोमीटरांहून किंचित् अधिक, गेला. हा उच्चांक ९६ वर्षें टिकला. १९८४ मध्यें ग्रीसच्या यानिस कूरोसनें तो मोडला. मात्र या वीरांस आंखलेला सपाट मार्ग होता, हाताशीं अन्न होतें, अंथरूण होतें, सेवक होते. त्यांच्या निम्म्या वेगानें आमच्या कासीदानें मध्य हिंदुस्थान तुडविला असेल तर त्यांत नवल तें काय?

आमचे एक तरुण सहकारी अशा शर्यतीची तयारी करीत आहेत. शनिवारीं लांब धांवावयाचें आणि रविवारीं थकल्या पायांनीं पुन्हां धांवावयाचें, चालतां चालतां खावयाचें, अर्ध्या तासाच्या झोपेवर उठावयाचें. असा त्यांचा क्रम आहे. जासुदास याची तालीम त्याच्या धंद्यानेंच दिली. त्याच जातीच्या कसाची माणसें पुढें खेळाच्या मैदानावर आलीं तेव्हां प्रथम आश्चर्यच वाटलें. पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धांवणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले, व १९२० मध्यें अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांत बेळगांवकडील फडेप्पा चौगुले मॅरॅथॉन धांवले. त्यांचा क्रमांक १९ वा लागला.

चौगुल्यांचें नांव त्या सामन्यांच्या नोंदींत राहिलें. पानिपतच्या पत्रांतील मोत्यें कोण आणि मोहरा कोण, याचा खल आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या झाला आहे. पत्र आणणाऱ्याला डफ नुसता कासीद म्हणतो. त्याला अजुरा मिळाला कीं मुदत चुकली म्हणून बुडाला, याची चौकशी कोणी केलेली नाहीं.